विहीर काढावी

बोरीच्या काठचं आमचं गाव ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेलं, पण झुलाल आबा होते तिथेच राहिले, वरच्या गल्लीच्या तोंडाशी उभे. उभेच म्हणायचं, कारण त्यांना निवांत बसलेलं फार थोड्यांनी पाहिलंय. गावात जे नीट नाही ते त्यांच्या तळपायाला खुपतं. स्टँडसमोरचा दिवा दिवसा जळतो आणि अंधार पडला की विझतो. घंटागाडी गाणं वाजवत येते आणि गाणं वाजवतच निघून जाते. गतिरोधकाला पाटी नाही, पण त्याच्या पुढे स्वागताची कमान आहे. म्हणजे माणूस आधी आपटतो, मग त्याचं स्वागत होतं, असं आबा म्हणतात. चहाच्या टपरीवर हे ऐकून लोक हसतात. आबा हसत नाहीत. ते घरी जाऊन अर्ज लिहितात.

शाळा चौथीत सुटलेली. अक्षर त्यांनी दुकानांच्या पाट्यांवरून आणि न्हाव्याकडच्या पेपरावरून पक्कं केलं. पैसे देऊन झेरॉक्सवाल्याकडून अर्ज लिहून घेणाऱ्यांची त्यांना कीव येते. लांब अर्ज साहेब अर्धाच वाचतो, असं त्यांचं मत. म्हणून त्यांचा अर्ज आखूड असतो, त्यात खाडाखोड नसते, आणि तो देण्याआधी ते कोणालाही दाखवत नाहीत. बायकोलासुद्धा नाही.

चैत्रात त्यांनी गल्लीतल्या जुन्या विहिरीचा अर्ज दिला. नळाला पाणी आठव्या दिवशी येतं. मधले सात दिवस चौदा घरांचे कपडे, भांडी आणि गुरं त्या विहिरीवर. यंदा गाळ इतका चढला होता की बादली वर यायची ती अर्धी चिखलाची. आबांनी चारच शब्द लिहिले : वरच्या गल्लीतील विहीर काढावी. आमच्याकडे गटार काढतात, म्हणजे तिच्यातला गाळ काढतात. विहीरही तशीच काढतात. लिहिणाऱ्याला त्यात शंका नव्हती.

वैशाखातल्या एका सकाळी ट्रॅक्टर आला आणि विहिरीला लागून मुरमाची ट्रॉली रिकामी करून गेला. विहिरीवर कपडे धूत असलेल्या बेबाबाईने ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, उद्या आणखी दहा ट्रॉल्या येणार, विहीर बुजवायची आहे. ओलं लुगडं तसंच दगडावर टाकून ती आबांच्या दारात आली. आबा चप्पल शोधत बसले नाहीत.

नगरपंचायतीच्या कचेरीत भूषण नावाचा कारकून आहे, जळगावचा, मेहरूणकडचा. पोरगा सरळ आहे. त्याने ठरावाचं पान उघडून आबांसमोर धरलं. नागरिकांच्या मागणीवरून वरच्या गल्लीतली विहीर काढून टाकण्यास सर्वानुमते मंजुरी. शेवटी नागरिकाचं नाव होतं, झुलाल चिंधा पाटील.

"मी गाळ काढायला सांगितलं," आबा म्हणाले.

"अर्जात गाळ कुठंय, आबा?"

"गटार काढता तेव्हा गटार उचलून नेता का तुम्ही?"

भूषणला हसू आलं आणि त्याने ते लगेच गिळलं. म्हणाला, अर्जदाराने अर्ज चुकून दिला असं स्वतः लिहून दिलं, तरच काम थांबेल. साहेब दुपारी धुळ्याला बैठकीला निघतील. त्याच्या आत द्या.

आबा बाहेर आले. स्टँडपर्यंत गेले, परत फिरले, नदीच्या पुलावर गेले, तिथूनही परतले. चूक झाली असं लिहायचं म्हणजे दिव्याचा अर्ज, गटारीचा अर्ज, सगळ्यांवर तो कागद बसणार. उद्या कोणीही म्हणेल, आबाला लिहिता कुठे येतं. गल्लीत तर वेगळीच आवई उठली होती. कचेरीवाल्यांनी मुद्दाम केलं, चला, मोर्चा नेऊ, असं माणसं म्हणत होती. आबांनी नुसती मान हलवली असती, तरी सगळा दोष भूषणवर गेला असता. मान हलवायला काय लागतं? आबांची मान ताठ राहिली, पण खरं न सांगताच ते घराकडे वळले.

त्यांची बायको ताईबाई दारात तांदूळ निवडत होती. चाळीस वर्षं नवऱ्याचे कागद तिने न वाचता पेटीत ठेवले होते. तिने मान वर न करता विचारलं, "कागदवर काय लिखेल व्हतं?"

आबांनी चार शब्द सांगितले.

"मंग त्या लोक काढतीनच," ती म्हणाली. "तुम्हनी चूक शे. मोर्चा कसाना?"

आबा उलट्या पावली कचेरीत गेले. साहेबांची जीप सुरू होती. भूषणच्या टेबलावर उभ्यानेच त्यांनी लिहिलं की विहीर काढावी हे मी चुकीचं लिहिलं, कारकुनाची चूक नाही. साहेबांनी जीपच्या बोनेटवर कागद ठेवून सही केली. पुढच्या सभेपर्यंत काम बंद. गाळ उपसायचा असेल तर नवा अर्ज द्या, तोही सभेपुढे ठेवू. सभा काय ठरवील ते मात्र मी आज सांगू शकत नाही, असं म्हणून साहेब गेले.

गल्लीत बातमी आबांच्या आधी पोचली होती. कोणी म्हणालं, आबानं गाव बुडवलं नाही, पण गल्ली बुजवली असती. आबांनी ऐकून घेतलं. मग ते कोरा कागद घेऊन विहिरीपाशी आले. बायका पाणी ओढत होत्या, त्यांच्यासमोर त्यांनी नवा अर्ज लिहून मोठ्याने वाचला : विहिरीतील गाळ काढावा व विहीर राहू द्यावी.

"भाऊ, 'काढावा' नको," बेबाबाई म्हणाली. "'उपसावा' लिखा. आनि विहीर राहू द्या, हाई पहिले लिखा. साहेब अर्धाच वाचस ना."

बायका हसल्या. आबांचे कान लाल झाले. त्यांनी पहिली ओळ खोडली, कागद गुडघ्यावर धरला आणि विचारलं, "बरं, पुढे सांगा."

सभा पंधरा तारखेला आहे. मुरमाचा ढीग अजून विहिरीजवळच आहे, आणि आबा दिवसातून तीनदा त्याच्याभोवती फेरी मारून येतात.