निम्मी लिली, निम्मं लेट्यूस

विहिरीखालच्या तुकड्यावर माझा पहिल्यापासून जीव. असेल दहा गुंठे, पण साऱ्या रानातली भुसभुशीत माती तिथंच, आणि पाणी हाकेवर. बाकीचं रान हळदीचं नि सोयाबीनचं. त्या तुकड्यात काय लावायचं हे आजवर मीच ठरवत आलो. गेल्या साली सुनेनं मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

"मामा, तिथं मी लेट्यूस लावते."

मुलगा हिंगोलीत दुकानात कामाला, दिवस उजाडला की जातो. शेत मी आणि सून बघतो. ती बचत गटातल्या बायांसोबत कुठंतरी दोन दिवस शिकून आली होती आणि नांदेडच्या हॉटेलवाल्याचा नंबर घेऊन आली होती. लेट्यूस म्हणजे काय, तर पाला. मेथी नाही, पालक नाही, कोबीसारखा पण न वळलेला. मला तेव्हाच वाटलं, पाल्याचं निमित्त आहे. तुकडा माझ्या हातून काढायचा आहे.

मी चौथीपर्यंतच शिकलो, पण मला समोरच्याचा डाव कळतो. मी म्हणालो, निम्म्यात तुझा पाला, निम्म्यात माझी लिली. ज्याचं बरं येईल, पुढच्या साली सगळा तुकडा त्याचा. लिलीचं नाव मी असंच घेतलं नव्हतं. हिंगोलीत माझा एक जुना दोस्त आहे, बापाच्या काळापासून त्यांचं फुलांचं दुकान. हार, सेहरे, फुलांच्या चादरी, सगळं त्यांच्या घरात गुंफतात. तो कधीचा लिली लाव म्हणून मागं लागला होता. सून लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की माझ्या मनात पाल चुकचुकली.

लिलीचे गड्डे पोत्यातून आणले. दिसायला कांद्यासारखे, पण खायचे नाहीत, पोटात गेले तर उलट्या होतात, असं दोस्तानं बजावून सांगितलं. मृगाच्या आधी वीत-दीड वीत अंतरावर लावले, आणि माझं काम झालं. गुरं तिला तोंड लावत नाहीत. आठ दिवसांनी पाणी दिलं तरी तिची तक्रार नाही. एकदा लावली की चार-पाच वर्षं तीच.

लेट्यूसचं मात्र बाळंतिणीसारखं. दिवाळीनंतर थंडी पडल्यावर त्याची रोपं आली, प्लास्टिकच्या ट्रेमधून, नारळाच्या भुशात वाढवलेली. ज्या रोपानं माती बघितली नाही ते माझ्या रानात काय टिकणार? सुनेनं वर हिरवी जाळी बांधली. मला वाटलं, लपवायला बांधली. ती म्हणाली, दुपारच्या उन्हानं पानं कडू होतात. पाणी रोज, पण थोडंथोडं. दीड-दोन महिन्यांत काढलं नाही तर मधून दांडा वर येतो आणि माल बाद.

एक दिवस तिनं मला एक पान खायला दिलं. फोडणी नाही, मीठ-तिखट नाही. म्हणे पावाच्या मधे घालून असंच खातात. मी चावलं, तोंडात नुसतं पाणी झालं.

"पानीच खायाचं तर विहिरीत कमी हाय का?" मी म्हणालो.

"मामा, तुमची लिली तर कोनी खातबी न्हाई."

तिला काय ठाऊक लिलीचं. पहाटे मिटलेली कळी तोडायची, गड्डी बांधून पहिल्या जीपनं हिंगोलीला धाडायची. संध्याकाळी ती हारात उमलते. देवाला तीच, नवरदेवाला तीच, दर्ग्याच्या चादरीला तीच आणि मयतालाही तीच. लेट्यूस कुणाच्या मयताला लागतं? हे मी दोस्ताला दुकानात बसून सांगितलं. तो सुतात कळ्या ओवत हसला. "बहू से शर्त लगाए क्या मियाँ? हारेंगे तुम." मला वाटलं, हाही तिलाच मिळालेला आहे.

पण थंडीनं लिली आखडली. चार-चार दिवस कळी दिसेना. तिकडं जाळीखाली तिचा पाला एवढा फुगला की एक गड्डा दोन हातांत मावेना. मी रोज कडेनं जाऊन बघायचो आणि बघितलं नाही असं दाखवायचो.

तेवढ्यात सून दोन दिवस आमच्या हिंगोलीकडच्याच गोरेगावला माहेरी गेली. जाताना म्हणाली, सकाळी-संध्याकाळी पाणी सोडा, बाकी कशाला हात लावू नका. हे शेवटचं मला टोचलं. हात का लावायचा नाही? काय आहे तिथं? मी जाळी वर केली आणि आत वाकलो. बघतो तर पाल्याची बुडं उघडी, पांढरी मुळी दिसायलेली, एकदोन झाडं कलंडलेली. म्हटलं, हिला हे दिसलं नाही. शिकून आली, पण साधी भरणी माहीत नाही.

भरणी म्हणजे झाडाच्या बुडाला माती चढवणं. आमच्याकडं हळदीला भरणी केली नाही तर गड्डा उघडा पडतो आणि पीक हातचं जातं. ज्या हातांनी जन्मभर हळद केली ते गप्प राहत नाहीत. मी कुदळ घेतली आणि साऱ्या ओळींना पानापर्यंत माती चढवली, दाबली, वरून पाणी सोडलं. बिघडवायचं माझ्या मनात नव्हतं. पीक चांगलं आलं तर माझ्या भरणीनं आलं असं म्हणता येईल, हे मात्र मनात होतं.

सून परत आली तेव्हा मी भरणीचं सांगितलं नाही, आणि पसरलेल्या पानांखाली माती झाकून गेली होती. आठवड्यात गाभे सडले. आतलं पान तपकिरी, बुळबुळीत, वास यायला लागला. तिनं रोपं देणाऱ्या नर्सरीवाल्याला फोन लावला आणि रोगट माल दिला म्हणून चांगलंच झापलं. मी विहिरीच्या कठड्यावर बसून ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी तो नर्सरीवाला पोरगा मोटारसायकलवर आला. एक झाड उपटलं, बोटानं माती खरवडली.

"ताई, ही माती कोनी चढवली? गाभ्यात माती गेली की सडनारच."

सुनेनं माझ्याकडं एकदाच बघितलं. कुदळीची ती ओळ गावात कुणाच्या हातची, हे तिला सांगायची गरज नव्हती.

"मीच चढवली," ती म्हणाली. "चुकलं माझं."

ही मला काहून झाकून राहिली? उद्या हेच माझ्या डोक्यावर ठेवून तुकडा घेणार? की माझी कीव करून राहिली? डाव असता तर मी सोसला असता. सुनेची कीव सोसायला मी अजून एवढा म्हातारा झालो नाही.

"ती खोटं बोलून राहिली," मी म्हणालो. "भरणी मी केली. हळदीला करतो तशी."

पोरगा खाली मान घालून, कडेची झाडं वाचतील एवढं बोलून गेला. सून पाइपावर हात धुवत होती.

"काहून केली, मामा?"

"मुळ्या उघड्या दिसल्या."

"मला इचारायचं व्हतं."

"तुला इचारायचं म्हंजे तुकडा तुझा झाला."

"म्हनून न्हाई इचारलं?"

मी सडलेलं एक झाड उचलून बांधावर टाकलं. पाइप बंद करून तीच म्हणाली, ठरल्याप्रमाणं तुमची लिली राहिली, माझं गेलं, तुकडा तुमचा. रागानं म्हणाली नाही, तेच वाईट. दुसऱ्याचं पीक आपल्या कुदळीनं घालवून जिंकलो असं मी कुणाला सांगणार?

उन्हाळ्यात मी लिली खणून काढली. एकेका गड्ड्याचे तीन-चार झाले होते. पाती छाटली आणि साऱ्या बांधावर लावत गेलो. लिलीचं एवढं बरं, तिला जागा बदलली तरी चालते. लेट्यूस एकदा उपटलं की संपलं. तुकडा मोकळा होत आला तेव्हा मी सुनेला म्हणालो, दिवाळीला तुझी रोपं आण, मी कुदळ घेऊन आत येणार नाही.

ती पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. म्हणाली, "लिलीची कडेची एक ओळ काढू नका, मामा."

मी विचारलं, काहून? ती म्हणाली, असू द्या.

मी ओळ ठेवली. दिवाळी अजून दोन महिन्यांवर आहे. त्या ओळीचं तिच्या मनात काय आहे ते मला कळलेलं नाही, आणि कळेपर्यंत मी रोज सकाळी तिकडून एक चक्कर मारून येतो.