प्रार्थनेचा विषय

बेबीताईंसारखी प्रार्थना कोणाला येत नाही, असं अकोल्याच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत सगळेच म्हणत. मुलींच्या एका वसतिगृहात त्यांनी सत्तावीस वर्षं स्वयंपाक केला आणि रोज सांजेला ऐंशी पोरींना बसवून प्रार्थनाही त्याच करायच्या. नवरा लवकर गेला. ललित हा एकच मुलगा, तो नोकरीपायी नागपूरला. मागे राहिली ती प्रार्थना. कोणाच्या घरी आजार असो की मयत, पाळकसाहेबांच्या आधी बेबीताईंना निरोप जाई. त्या डोळे मिटून ‘हे स्वर्गीय पित्या’ म्हणाल्या की बायकांचे पदर डोळ्यांना लागत. आवाज कुठे उतरवायचा, कुठे थांबायचं, हे त्यांना बरोबर कळे. आपल्याला ते कळतं हेही ठाऊक होतं, आणि कधीमधी त्याचीच भीती वाटे.

सहा वर्षांपूर्वी एका बुधवारी बायकांची प्रार्थनासभा त्यांच्याच घरी होती. सभेची रीत अशी, की आधी प्रत्येकीने आपला विषय द्यायचा. कोणाचा गुडघा, कोणाच्या पोराची परीक्षा, कोणाची कोर्टातली तारीख. मग एकीने सगळ्यांसाठी प्रार्थना करायची. त्या दिवशी अमरावतीची एक पाहुणी आली होती, मोनालीची मावशी. या मोनालीशी बेबीताईंचा पुतण्या, म्हणजे धाकट्या जावेचा, चंदाचा मुलगा अनुप, याचं लग्न ठरलं होतं. वर्षभर आधी त्याच घरानं ललितला नकार दिला होता.

अनुप पूर्वी प्यायचा. पाच महिने झाले, त्यानं सोडली होती. घरच्यांखेरीज कोणाला फारसं माहीत नव्हतं. त्या दिवशी अनुपचा विषय कोणीच दिला नाही. चंदाही बसली होती, तिनंही नाही. पण गुडघे, परीक्षा, कोर्ट सगळं आटोपल्यावर बेबीताईंचा आवाज हळूच उतरला. “आणि प्रभू, आमच्या अनुपची दारू तूच सोडव. लग्नाआधी सोडव.”

सगळ्यांनी आमेन म्हटलं. मावशीनंही म्हटलं. आठ दिवसांत अमरावतीहून नकार आला.

प्रार्थनेला बोल कोण लावणार? चंदानं भांडण केलं नाही, फक्त बोलणं टाकलं. अनुपनं पुन्हा बाटली धरली.

यंदा श्रावणात त्याला दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टरांनीच घरी न्या म्हटलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. पाळकसाहेब बेबीताईंना म्हणाले, “ताई, एकदा जाऊन प्रार्थना करा. जावेचं मन वळेल.” बेबीताईंना झोप नव्हतीच. पोरगा असेतो चंदानं एकदा माफ केलं म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. ऑटो करून मोर्णा नदीचा पूल ओलांडला आणि जुन्या शहरात चंदाच्या दाराशी त्या उतरल्या.

“आल्या?” चंदा म्हणाली. “पाळकसाहेबानं पाठवलं असंन.”

“मीच आली.”

“बसा मंग. खुर्चीवरचे कपडे बाजूले करा.” आणि ती स्वयंपाकघरात गेली.

अनुप पलंगावर होता. हळदीसारखा पिवळा, पोट टरटरलेलं, हात काड्यांसारखे. तो हसला. “मोठी आई, लई दिवसानं. विषय संपले वाटते तुहे?”

बेबीताईंनी सवयीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले. “हे स्वर्गीय पित्या...” आवाज जसा लागायला हवा तसाच लागला. तो त्यांनी ऐकला आणि त्या थांबल्या. अर्धा जीव आतासुद्धा स्वयंपाकघराच्या दाराशी होता, चंदा ऐकते की नाही ते बघत.

“थांबली काहून?” अनुपनं विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. “बाबू, त्या दिवशी मोनालीची मावशी समोर बसली हाये, हे मले मालूम होतं. तू सोडली, हे बी मालूम होतं. मी ते देवाले नाही सांगितलं. तिले सांगितलं.”

अनुपनं नजर पंख्याकडे वळवली. “मंगची दारू मीच पेलो, मोठी आई. ते तुह्यावर नाही टाकत. पण पाच महिने घेतली नव्हती ना? त्याची आभाराची प्रार्थना कोणीच नाही केली.”

चंदा ओल्या हातानं दारात उभी होती.

“चंदा, मले...”

“माफ कर म्हनू नका. माह्याच्यानं होत नाही. पोरगा असा पडला हाये, मी कशी म्हनू?” पदराला हात पुसत ती म्हणाली, “मले तर तवाच समजलं होतं. वीस बायांत बोलल्या ना? तिथंच सांगा.”

“सांगीन.”

“माय, पाणी दे,” अनुप म्हणाला.

बुधवारी पाळकसाहेबांच्या घरी सभा भरली. विषय देऊन झाले. पाळकबाई म्हणाल्या, “बेबीताई, करा सुरुवात.”

“आज डोळे नका मिटू,” बेबीताई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. ललितचा नकारही सांगितला. आवाज फाटला, दोनदा ठसका लागला.

“कायले उकरून काढता, ताई?” एक जण म्हणाली. “प्रार्थना ते प्रार्थनाच.”

“नव्हती ते.”

मागून कोणी तरी पुटपुटलं, “आपल्याविषयी अजून काय काय बोलली असंन हे?” पाळकबाईंनी दुसरीला प्रार्थना करायला सांगितलं.

अनुप शुक्रवारी पहाटे गेला. मयत उचलायच्या वेळी पाळकसाहेबांना यायला उशीर होत होता. लोकांनी सवयीनं बेबीताईंकडे पाहिलं. चंदा उठून त्यांच्याजवळ आली.

“बुधवारचं ऐकलं मी,” ती म्हणाली. “पन प्रार्थना पाळकसाहेबच करतीन. तुमी मागं बसा.”

बेबीताई मागे जाऊन बसल्या. कब्रस्तानात सगळ्यांनी माती टाकल्यावर त्यांनीही मूठभर टाकली.

दुपारी घरी येऊन त्यांनी दार लावलं, खाटेवर बसल्या. “प्रभू,” त्या म्हणाल्या, “तो पाच महिने प्याला नव्हता.” पुढचं वाक्य आलं नाही, आणि त्यांनी ते शोधलंही नाही.