नेत्रावतीच्या मापाची गाडी

आमच्या खजुरीत लग्न ठरलं की दोन मापं घेतात. नवरीच्या हाताचं, बांगड्यांसाठी, आणि जावयाच्या उंचीचं, मोटारसायकलसाठी. हुंडा आम्ही देत नाही, असं सगळे छातीठोकपणे सांगतात. गाडी मात्र प्रेमानं देतात. माझ्या लग्नातही आमच्या वडलांनी, अप्पांनी, अशीच प्रेमानं दिली. ती नवऱ्याची झाली आणि मी मागं पिशव्या धरून बसायला लागले.

माझी धाकटी बहीण नेत्रावती माझ्यासारखी मुकाट बसणारी नाही. ती पशुसखी आहे. आसपासच्या गावांत शेळ्या-म्हशींच्या लसी पोचवायच्या, जंताचं औषध पाजायचं, हे तिचं काम. बर्फाच्या डब्यात लस घेऊन ती कुणाच्या तरी गाडीमागं बसून जायची. गाडीवाला वाटेत गप्पा मारत बसला की बर्फाचं पाणी व्हायचं आणि बोलणी हिनं खायची. शेवटी चुलत्यांची जुनी गाडी मागून ती खळ्यात गोल गोल फिरवायला शिकली. लायसन्सही काढलं. आता फक्त स्वतःची गाडी नव्हती.

तेवढ्यात उमरग्याकडच्या वीरेशशी तिचं लग्न ठरलं. त्यानं हव्या त्या गाडीचा फोटो अप्पांच्या फोनवर आधीच पाठवून ठेवला होता. उंच, धिप्पाड, टाकी फुगलेली. अप्पांना कुणाला नाही म्हणता येत नाही, ही आमच्या घरची जुनी अडचण. ते मुकाट्यानं तालुक्याच्या गावी, आळंदला निघाले. साड्या घ्यायच्याच होत्या, म्हणून आम्ही दोघीही बरोबर गेलो.

गाड्यांच्या दुकानात अमृतप्पा नावाचा विक्रेता होता. बोलायला गोड. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो जावयाची उंची किती, हा. अप्पा वीरेशला फोन लावायला लागले, तेव्हा नेत्रावती त्या धिप्पाड गाडीवर जाऊन बसलीसुद्धा. तिचे नुसते चवडे जमिनीला टेकत होते. गाडी जराशी कलली आणि मी नि अमृतप्पानं धरली म्हणून वाचली. दुकानातली माणसं हसली. मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. नेत्रावती मात्र शांतपणे उतरली.

"अप्पा, बांगड्या माझ्या हाताच्या मापाच्या भरता न्हवं? मग लग्नाची गाडी दुसऱ्याच्या मापाची कामून?"

अप्पांनी फोन खिशात ठेवला.

मग तिनं दुकान पालथं घातलं. रंग नाही, आवाज नाही, तिचं बघणंच वेगळं. बसल्यावर दोन्ही टाचा टेकतात का? पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात घालून बघायची, कारण आमची काळी माती चाकाला धरली की चाक जाम होतं आणि शिकाऊ माणूस तिथंच आडवा. अमृतप्पानं गुलाबी स्कूटी पुढं केली. बायकांना सोपी जाते म्हणाला. तिची चाकं लहान, चिखलात रुततील, असं सांगून हिनं ती बाजूला सारली.

अखेर एक साधी, बुटकी, हलकी गाडी तिला पटली. तरी तिला ती पाडून उचलून बघायची होती. नवी गाडी पाडायला कोण देतंय? पण मागच्या आवारात तसलीच एक जुनी उभी होती. तिनं ती हळूच जमिनीवर आडवी केली, गाडीकडं पाठ करून खाली बसली, एका हातानं हँडल, दुसऱ्यानं मागचा दांडा धरला आणि पायांच्या जोरावर उठवून उभी केली.

अप्पांनी वीरेशच्या वडलांना कळवलं. गाडी लहान घेतोय, नेत्रावतीच चालवणार आहे. तिकडून आवाज चढला. आमचा पोरगा काय बायकोच्या मागं बसणार? अप्पांचा चेहरा उतरला. नेत्रावतीनं त्यांच्या हातातून फोन घेतला.

"व्हय, मागं बसतील. मी बी बसत आलेय की. काही झालं न्हाई मला."

सोयरीक त्याच आठवड्यात मोडली. मल्लम्माकाकू सांत्वनाला आली आणि गाडीपायी पोरीचं वाटोळं केलं, असं अप्पांना ऐकवून गेली. अप्पा दोन घास कमी जेवले. पण गाडीचे कागद त्यांनी तिच्याच नावानं, पुढं आपलं नाव लावून, नेत्रावती काशप्पा असे करायला सांगितले.

गाडी आणायला पुन्हा आम्ही तिघं गेलो. येताना अप्पा तिच्या मागं बसले, मी मागून टमटममध्ये. गाव दिसायला लागलं तसं अप्पांनी तिला थांबायला लावलं. चौकात हॉटेलापुढं गावातली सगळी मंडळी बसलेली असतात. अप्पा खाली उतरले. आमची टमटमही मागं अडली, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"आता मी चालवतो. चौकापुरतं," अप्पा म्हणाले. "लोक बघायलेत."

नेत्रावतीनं इंजिन बंद केलं नाही. दोन्ही टाचा भुईवर घट्ट टेकवून ती बसून राहिली.

"अप्पा, बसा. न्हाईतर चालत या."

अप्पांनी चौकाकडं बघितलं. मग धोतराचा सोगा गोळा करून ते तिच्या मागं बसले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.