उपाशीपोटी घेतलेला चहा

१४ जुलै, सोमवार. प्रोजेक्ट तपासत बसले होते. मी हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या मुलांना इनोव्हेशन शिकवते. म्हणजे अडलेलं काम नव्या रीतीनं सोडवायला. प्रश्न सगळ्यांना एकच दिला होता. बहुतेकांचं उत्तरही एकच होतं: ॲप.

प्रश्न आमच्याच हॉस्पिटलचा. फास्टिंग शुगर, म्हणजे उपाशीपोटी रक्तातली साखर तपासणं. खेड्यापाड्यांतून येणारे बरेच लोक चहा पिऊन यायचे. टेक्निशियन त्यांना परत पाठवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरा.

दुपारी सुपरिंटेंडेंट साहेबांनी बोलावलं.

"मॅडम, तुमची पोरं महिनाभर वॉर्डात नुसती फिरतात, फोटो काढतात. शुक्रवारपर्यंत काही जमलं तर ठीक. नाहीतर प्रोजेक्ट वर्गातच करा."

वर्गात बसून हॉस्पिटल चालवायला शिकवणं म्हणजे विहिरीच्या काठावरून पोहायला शिकवणं. मंगळवारी सकाळी सातला सगळ्यांना लॅबबाहेरच्या बाकांवर बसवलं. मोबाइल पिशवीत. तोंडानं बोलायचं.

लासूर स्टेशन गावची माझी विद्यार्थिनी पल्लवी एका म्हाताऱ्या बाईंशेजारी बसली.

"मावशी, काही खाल्लं का?"

"नाय गं. उपाशी या म्हणले होते. घासभर नाय खाल्लं."

"आणि चहा?"

"चहा घेतला की. चहा काय खाणं असतं व्हय?"

मी मागंच उभी होते. भिंतीवर आमचा बोर्ड: 'उपाशीपोटी यावे'. लोक तो पाळतच होते. एकादशीला चहा चालतो, मग रक्ताला का चालू नये?

"कुठं घेतला, मावशी?"

"हितंच, गेटावर. पहाटं निघाले, डोकं लई धरलं होतं."

पल्लवी उठली ती थेट गेटवर, सलीमभाईंच्या टपरीवर. मीही गेले.

"भाई, चहा द्यायच्या आधी विचारा, रक्त तपासायचंय का? तपासायचं असलं तर नंतर या म्हणा."

"वा! माझं गिऱ्हाईक मीच हाकलू?"

"हाकलता कशाला? रक्त काढल्यावर कडकडून भूक लागती. तेव्हा चहासोबत पोहे पण खपतील."

सलीमभाईंनी चहा ढवळला. माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, पोरगी धान्याच्या मोंढ्यातली दिसती. सौदा पक्का करती."

बुधवारपासून ते प्रत्येकाला विचारू लागले. डॉक्टरांचं न ऐकणारे लोक चहावाल्याचं मुकाट ऐकत होते. पांढऱ्या कडक कपड्यांतल्या एका गृहस्थांच्या हातातला कप त्यांनी काढून घेतला. "साहब, पहले सुई, बाद में चाय!" टपरीवर हशा पिकला. मुलांनी बोर्डही बदलला: 'रक्त देईपर्यंत चहासुद्धा नाही. पाणी चालेल.'

शुक्रवारी साहेब स्वतः लॅबमध्ये आले.

"आज किती परत पाठवले?"

"एकच," टेक्निशियन म्हणाला. "आपले हेडक्लार्क. घरून पिऊन आले होते."

साहेब खो खो हसले. "तुमची पोरं राहू द्या वॉर्डात. पण मॅडम, ह्याला इनोव्हेशन म्हणायचं?"

"लोकांचा फेरा वाचला ना, सर? मग म्हणायचं."

माझा निष्कर्ष साधा आहे. उपाय सुचवण्याआधी तासभर बाकावर बसावं. ॲप नंतरही करता येतं.

शनिवारी सकाळी पुढच्या प्रश्नासाठी मी औषधांच्या खिडकीसमोर गेले आणि अख्खा वर्ग रांगेत शेवटी उभा केला.