उचललेल्या घराखालचं पाणी

सगळे म्हणत होते, पाडा. सोयरे म्हणत होते, शेजारी म्हणत होते, माझा थोरला भाऊही म्हणत होता. तीन खोल्यांचं विटांचं घर, वर टिनं, मागच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी भेग. पाडून स्लॅब टाकला असता तर कुणी नावं ठेवली नसती. आडवी आली ती एकटी वहिनी. "पडन तवा पडन," ती दादाला म्हणाली, "पण पाडणारा हात या घरातला नसन."

त्या घराची ओळख आमच्या वस्तीत कुणाला करून द्यावी लागत नाही. छप्पन साली, धर्मांतराच्या वेळी, आजोबांनी मधल्या भिंतीतल्या देवळीतले देव काढले आणि नदीत सोडून आले. मग त्याच ओसरीवर बसून बाकीच्या घरांनीही ठरवलं. देवळीत आजोबांनी माझ्या बापाची शाळेची पाटी ठेवली. ती अजून तिथंच आहे. भेग सरकत सरकत तिच्यापासून वीतभर अंतरावर आली होती.

घर न पाडता जॅकवर उचलतात, खाली नवा पाया भरतात आणि परत टेकवतात, हे मीच शोधून काढलं. दूर उत्तरेकडचा एक मिस्त्री आपली माणसं घेऊन आला. शेलूबाजारहून भिंतींखाली घालायचे लोखंडी चॅनल आले, त्या दिवशी सगळी वस्ती जमली.

"काहो मास्तर, घराले फिरायले नेऊन राह्यले काय?"

"हो," मी म्हटलं, "तुमचं येत असन तर पाठवा संगं."

लोक हसले. आजोबांचा नातू शोभतो, असंही कुणी म्हणालं. मी ते ऐकून घेतलं. खरं म्हणजे मला त्या घराखाली काय निघेल याची धास्ती होती, आणि पाडलं तरी ते निघणारच होतं. उचलताना निदान घर तरी वाचेल, एवढाच माझा हिशेब.

आता सांगतो. तेरा वर्षांपूर्वी गावात स्वच्छतेची स्पर्धा होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, तेव्हा गावातल्याच शाळेवर होतो. लोकांना शोषखड्डे खोदायला मीच सांगत होतो आणि माझ्याच घरी नव्हता. तपासणीवाले दुसऱ्या दिवशी येणार म्हणताना मी घराच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीपासून दोन हातांवर खड्डा खोदला, विटा-गोटे भरले आणि न्हाणीचा पाइप त्यात सोडला. भिंतीजवळ नको, काळ्या मातीत तर नकोच, असं पुस्तिकेत छापलेलं होतं. मी ते वाचलेलं होतं. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की फाटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तपासणीवाल्यांनी माझ्या खड्ड्याशेजारी उभं राहून फोटो काढला.

दोन पावसाळ्यांनी भेग पडली. मला तेव्हाच कळलं होतं. पण वहिनी त्याच भिंतीशी भांडी घासायची, आणि तिचं पाणी सगळ्यांना दिसायचं. माझं पाणी जमिनीखाली होतं. एक दिवस हापशीवर, चार बायांसमोर मी तिला म्हटलं, "वहिनी, तुमच्या भांड्याच्या पाण्यानं घर फाटून राह्यलं." मास्तर बोलला म्हणजे खरंच असणार. दुसऱ्या दिवसापासून वहिनी भांडी घासून झाली की खरकटं पाणी दोन बादल्यांत भरून, रस्ता ओलांडून पलीकडच्या नालीत टाकू लागली. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. तिचे गुडघे गेले तरी चुकलं नाही. पुढे माझी बदली वाशीमला झाली. सुट्टीत आलो की मी तिला बादल्या नेताना बघायचो आणि पेपर उघडून बसायचो.

घर उचललं तो दिवस मला अजून आठवतो. शिटी वाजायची आणि सगळे जॅक एकाच वेळी थोडेसे फिरायचे. परत शिटी, परत थोडेसे. टिनं करकरली. देवळीतली पाटी वहिनीनं पदरात गुंडाळून छातीशी धरली होती. दुपारपर्यंत घर कमरेएवढं वर आलं आणि त्याच्याखालून पलीकडचा रस्ता दिसला.

मग कोपऱ्यात जुना पाया खणायला घेतला. दोन हात खाली गेल्यावर भर उन्हाळ्यात चिखल लागला. मिस्त्रीनं मूठभर माती दाबली, बोटांतून पाणी आलं. "ये पानी कहाँ का है?"

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. आणि वहिनी खाली मान घालून म्हणाली, "माह्या भांड्याचं असन. पयले इथंच घासत होती मी."

"नाही," मी म्हटलं. "माझ्या खड्ड्याचं आहे. मला ठाऊक होतं. तेव्हाच ठाऊक होतं."

दादानं माझा दंड धरला. "चूप राय ना बे. झालं गेलं. तुह्या जुन्या शाळेतले लोक उभे हायेत."

"असू दे उभे. त्यांनीच ऐकलं पाहिजे."

वहिनीनं पाटी दादाच्या हातात दिली. माझ्याकडे वळली. "इथं नाई, भाऊजी," ती म्हणाली. "जिथं बोलले, तिथंच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हापशीवर गेलो. बाया होत्या. अकरा वर्षांपूर्वी होत्या त्यांतल्याही दोघी होत्या. मी सांगितलं, जसं इथं लिहिलं तसंच. एक म्हातारी हंडा भरता भरता म्हणाली, "बाप्पा! अकरा वर्साचा पेपर आज तपासला काय मास्तर?" दुसरी म्हणाली, "तिचे गुडघे देजा आता वापस." हसत नव्हती ती.

दादा अजून म्हणतो, लिहू नको, घराण्याचं नाव जाते. जाऊ दे. तिचं नाव अकरा वर्षं गेलं होतं, तेव्हा घराण्याचं काही गेलं नव्हतं. मी हे नाव राखायला लिहीत नाही, आणि माफी मिळावी म्हणूनही नाही. वहिनीनं ती दिलेली नाही. मी मागितलेलीही नाही.

खड्डा बुजला, नवा पाया भरला, घर परत टेकलं. भोवती उताराची फरसबंदी आणि तिच्या कडेनं नवी नाली झाली. मिस्त्रीनं जाताना बजावलं, भिंतीशी पाणी नको. संध्याकाळी वहिनी दोन बादल्या घेऊन निघाली. अर्ध्या रस्त्यात थांबली. वळली. परत आली, नव्या पायाशी उभी राहिली आणि माझ्याकडे बघत पहिली बादली भिंतीच्या बुडाशी भडकन ओतली.

"पायतो मी," ती म्हणाली, "भांड्याच्या पाण्यानं घर कसं फाटते ते."

पाणी फरसबंदीवरून ओघळत नव्या नालीत गेलं. तिनं दुसरी उचलली.