टाकीभोवतीची माती

पाण्याचा एवढा सोस असलेला माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही, हे मी आमच्या भाऊजींबद्दल पैजेवर सांगतो. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, अमरावतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी मंडपातला पाण्याचा ड्रम गाठणार, एक घोट तोंडात घोळवणार आणि "चांदूर रेल्वेकडचं पाणी हाय, टँकरनं आणलं," असा निकाल देणार. एकदा ते पाणी कार्यालयाच्याच बोअरचं निघालं. भाऊजी अजिबात डगमगले नाहीत. "मंग झऱ्याचं तोंड तिकडं असंन!" म्हणाले आणि जिलबीकडे वळले.

निवृत्तीनंतर त्यांनी अकोटच्या अलीकडे, आपल्या गावी घर बांधायचं काढलं. तो सारा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, आणि गोड्या पाण्याचा नळ दहा-दहा दिवस तोंड दाखवत नाही. ताईनं एकच अट घातली. "घरात गोडं पाणी असंन तं येईन. नळाची वाट पायत म्हातारपण नाही काढत मी तिथं." झालं! भाऊजींनी घर बाजूला ठेवून आधी जमिनीखालची टाकी काढली, छपरावरचं पावसाचं पाणी वर्षभर पुरवणारी. नकाशा लग्नपत्रिकेच्या पाठीवर, तोही रंगीत. आतलं पाणी निळं आणि त्यात हौसेनं काढलेले दोन मासे. भूमिपूजनही घराचं नाही, टाकीचं. पाहुण्यांना पेढा घ्यायला खड्ड्यात उतरावं लागलं.

मी इंजिनिअर, अमरावतीत लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढतो. भाऊजींचा रोज फोन. "एकडाव येऊन खड्डा पाहून जाय बाबू. तासाभराचं काम हाय." मी म्हणायचो, या रविवारी नक्की. कधी कोणाचं लग्न निघायचं, कधी नुसता कंटाळा. शेवटी ते म्हणाले, "काऊन येऊन नाही राहिला? बरं, राहू दे. भिंती झाल्या उभ्या, आता बाजूनं माती भरून घेतो." मी हो म्हटलं आणि जेवायला बसलो. कोणती माती, एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

काळ्या जमिनीतल्या टाकीभोवती मुरूम भरतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि भिंतीला स्वस्थ उभं राहू देत नाही. पण खड्ड्यातून निघालेली ती माती भाऊजींच्या वडिलांच्या वावरातली. ती फेकून बाहेरचा मुरूम आणायचा, हे त्यांच्या जिवाला पटेना. त्यांनी ती स्वतः चाळली, खडे वेचले आणि परत टाकीभोवतीच ठोकून बसवली. पुढे घरही उभं राहिलं.

पहिल्या पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरली आणि ताई राहायला गेली. "इथं डाळ कशी लोण्यासारखी शिजते, येऊन तं पाय!" असं तिनं मला फोनवर सांगितलं. तेव्हाही मी गेलो नाही. उन्हाळ्यात भिंतीला भेग गेली. दोनदा गिलावा केला, दोनदा ती पुन्हा उघडली. दुसऱ्या पावसाळ्यात बाहेरचं खारं पाणी आत झिरपलं आणि एका सकाळी ताईचा चहा फाटला. ती उठली आणि भांडी पोत्यात भरायला लागली.

तेव्हा कुठे मी गेलो. टाकीपाशी गावातली चार माणसं जमली होती. एक म्हातारे म्हणाले, "साळा इंजिनेर असून असं कसं झालं हो मास्तर?" मी मान खाली घातली. भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यानं सांगतलं होतं, मुरूम भरा म्हणून. मीच ऐकलं नाही."

मी तिथल्या तिथे तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

आता ती दोघं अमरावतीत, माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहतात. गावच्या घराला कुलूप आहे. मी गेलो की ताई हमखास म्हणते, "माह्या भावाचं ऐकलं असतं, तं आज आपल्या घरी असतो." भाऊजी मान हलवतात, "चुकलंच माहं," म्हणतात आणि माझ्यापुढे पोह्यांची बशी सरकवतात. आज ताईला खरं सांगायचंच, असं ठरवून मी दर वेळी जिना चढतो, आणि पोहे खाऊन उतरतो.