खिंडीतले निळे

माझ्या दिरांना त्यांच्या वर्कशॉपमध्ये कापूस म्हणतात. कितीही दाबलं तरी आवाज करत नाहीत म्हणून. ते लिफ्ट दुरुस्त करतात. सुट्टीच्या दिवशी कुठे लिफ्ट अडकली की निरोप त्यांनाच, लिफ्टखालचा तेलकट खड्डा साफ करायलाही तेच. बढतीचा विषय निघाला की साहेब पाठीवर हात ठेवून म्हणतात, "तू फार चांगला आहेस रे, पण हाताखालची माणसं तुझं ऐकतील का?" भावजी हसून घेतात. घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतात आणि जेवताना मध्येच विचारतात, "वहिनी, मऊ माणूस कधी जिंकतच नाही का हो?"

"देवाच्या दारात मऊ माणसंच पुढे असतात," मी म्हणते.

"तिथलं तिथे बघू. मी इथलं विचारतोय."

"इथलं म्हणशील तर पाण्याचा जग इकडे सरकव," माझे यजमान ताटातून मान वर न करता म्हणतात. भावजी सरकवतात.

भावजींचं जे काही जिंकणं-हरणं, ते आमच्या बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. दर रविवारी दुपारी त्यांचे शाळेपासूनचे मित्र येतात. ते खिडक्यांना काचा बसवतात, म्हणून आम्ही त्यांना काचवालेच म्हणतो. बोलणं मोठ्याने, चालणं धाडधाड, आणि बोटांना सदा पट्ट्या. दोघे मिळून एक खेळ खेळतात. प्रत्येकाचं एक राज्य, आणि तिसरं राज्य कॉम्प्युटर स्वतः चालवतो. शहरं वसवायची, रस्ते बांधायचे, फौजा ठेवायच्या. एकाची खेळी झाली की मग दुसऱ्याची. यंत्र एकच, त्यामुळे एक खेळत असताना दुसऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही. तो उठून स्वयंपाकघरात माझ्याकडे येतो. एकेक डाव महिनोन् महिने चालतो. दोघांचीही गुपितं माझ्या ओट्याशी येऊन पडतात, आणि इथलं तिथे न्यायचं नाही हा नियम मलाही लागू आहे.

आजवरचा प्रत्येक डाव काचवाल्यांनी जिंकला होता. फौज आणायची, भावजींची शहरं घ्यायची, झालं. हरले की भावजी रागाने यंत्र बंद करायचे आणि जेवायचे नाहीत. माझी देवाची जागा त्याच खोलीत आहे. तोफांच्या आवाजात जप करायचा म्हणजे माझाही जीव नकोसा व्हायचा. शेवटी मी भावजींना म्हणाले, "भांडल्याशिवाय जिंकता येत नाही का हो या खेळात?"

येतं म्हणाले. एक वाट आहे. नाटकगृहं बांधायची, चित्रं जमवायची, गायकांना दुसऱ्यांच्या शहरांत पाठवायचं. तिथल्या लोकांना तुमची गाणी, तुमचे कपडे, तुमची पुस्तकं इतकी आवडायला लागतात, की ते आपलं सोडून तुमचंच धरतात. झालं, डाव तुमचा. रक्ताचा थेंबही न सांडता.

"मग तसंच खेळा."

"या वेळी तसंच," भावजी काचवाल्यांच्या देखतच म्हणाले. "एक शिपाई ठेवणार नाही. या डावात कळेल, मऊ माणूस जिंकतो की नाही ते."

आणि खरंच त्यांचं छान चाललं. स्वयंपाकघरात आले की नव्या नाटकगृहाची बातमी असायची. "वहिनी, तो तिसरा राजासुद्धा माझ्या वाटेला जात नाही. काच्याशी सारखा लढतो, माझ्याशी नाही. गाण्याची ताकद बघा!" मी संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांच्या डावासाठी दोन शब्द घातले. खेळासाठी देवाला काय मागायचं, पण मागितलं.

एका रविवारी भावजींची खेळी चालू असताना काचवाले मान चोळत आत आले. "वहिनी, खिंडीत पुन्हा आले होते. बरेच गेले माझे."

मला खेळातलं फार कळत नाही. एवढंच कळलं, की यांची पुन्हा लढाई. मी म्हणाले, "अहो, देवाच्या जागेसमोर रविवारी तरी मारामारी नको. आमच्या भावजींकडून शिका जरा. एक शिपाई नाही त्यांच्याकडे, आणि सगळं कसं सुखात चाललंय."

त्यांनी बोटाची सुटलेली पट्टी दाबून बसवली. "खरं आहे. आम्ही आपले काचा फोडणारे."

"बसवणारे."

"बसवायच्या आधी फोडाव्या लागतात, वहिनी. जुन्या असतात त्या."

मी त्यांना चहा दिला. केकचा मोठा तुकडा मात्र भावजींसाठी झाकून ठेवला. शांतपणे खेळणाऱ्याला बक्षीस.

डाव संपला त्या रविवारी मी जपाला बसले होते. एकदम वाद्यं वाजली, पडद्यावर सोनेरी अक्षरं आली, आणि भावजी खुर्चीवरून असे उठले की खुर्ची मागे पडली. काचवाले आतून धावत आले, माझे यजमान वर्तमानपत्र घेऊन आले. भावजींनी तिथूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, जिंकलो! एक गोळी न झाडता. मऊ माणूस जिंकतो, साहेब, लिहून ठेवा!" मी भावजींना इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मग ते काचवाल्यांकडे वळले. दोन्ही तळवे पुढे केले. "बघ हे हात, काच्या. स्वच्छ. तुझ्या हाताला जन्मभर रक्तच."

काचवाल्यांनी पट्ट्या बांधलेले हात पाठीमागे नेले. "जिंकलास बाबा," ते म्हणाले.

आम्ही हसलो. मीही हसले.

डाव संपला की हा खेळ एक गोष्ट करतो. झाकलेला सगळा नकाशा उघडतो, आणि सुरुवातीपासून काय काय घडलं ते सिनेमासारखं दाखवतो. एरवी भावजी हरून यंत्र बंद करायचे, त्यामुळे आमच्या घरात तो सिनेमा कुणी पाहिलाच नव्हता. आज भावजींनी खुर्च्या मांडल्या.

"राहू दे रे," काचवाले म्हणाले. "चहा घेऊ."

"चहा नंतर. आधी बघ कसा हरलास ते."

पिवळे ठिपके भावजींचे, निळे काचवाल्यांचे, काळे तिसऱ्या राजाचे. पिवळी शहरं एकेक करून उजळत होती. फारच सुंदर दिसत होती. वरच्या बाजूला दोन डोंगर आणि मध्ये खिंड. तिथे निळे ठिपके ओळीने उभे राहिले.

"हे निळे तिथे कशाला?" माझ्या यजमानांनी विचारलं. त्यांना खेळातलं काही कळत नाही, म्हणून ते सरळ विचारतात.

"असेच. रिकामे होते," काचवाले म्हणाले.

काळे ठिपके खिंडीकडे आले. काही निळे विझले. मागून दुसरे निळे येऊन उभे राहिले. काळे मागे गेले, पुन्हा आले. पुन्हा निळे विझले. खिंडीखाली पिवळ्या शहरांत नवी नाटकगृहं चमकत होती. पुन्हा काळे. पुन्हा निळे.

"पण ते काळे तुमच्याकडे येतच नव्हते," हे म्हणाले. "ते तर खाली याच्याकडे निघाले होते ना?"

सिनेमा संपेपर्यंत भावजी पडद्यासमोर उभे होते. तळव्यांच्या मुठी कधी झाल्या ते त्यांनाही कळलं नसावं.

"मला सांगितलं का नाहीस?" त्यांनी पडद्याकडे बघतच विचारलं.

"सांगितलं असतं तर तू शिपाई ठेवले असतेस. मग नाटकगृहं कधी बांधली असतीस?"

"हा डाव तुझा."

"नियमाने तू जिंकलास. विषय संपला." काचवाल्यांनी उभ्याउभ्याच चहा घेतला आणि ते गेले. त्या दिवशी केक होता, पण मला बशी पुढे करायचा धीर झाला नाही.

सोमवारी वर्कशॉपमध्ये हत्यारांच्या कपाटावर पुठ्ठा लावला होता: कापूस जिंकला. साहेबांनी हात मिळवला, म्हणाले, तुझ्यात दम आहे हे माहीत नव्हतं, बढतीचं बघू या. भावजी म्हणाले, "साहेब, मी जिंकलो नाही. मला दुसऱ्याने सांभाळलं." सगळे पोट धरून हसले. "बघा, जिंकला तरी कापूसच!" भावजींनी पुठ्ठा काढला. दुपारी कुणीतरी पुन्हा लावला. ते घरी आले आणि कितीतरी वेळ हात धूत राहिले. ज्याला त्याला विजय परत करायला गेले, आणि कुणी घेईना.

मी त्यांना काय सांगणार होते? त्याच सकाळी दाराशी घरमालकाचा माणूस आला होता आणि हे त्याच्याशी छताच्या गळतीवरून तावातावाने भांडत होते. मी रोजच्यासारखं आतून म्हणाले, "हळू बोला हो, जप चाललाय." आणि माळ हातातच थांबली. दाराशी त्यांना मीच पाठवलं होतं.

पुढच्या रविवारी दुपार कलली तरी काचवाले आले नाहीत. भावजी दार उघडून जिन्याकडे बघून येत होते. शेवटी ती धाडधाड पावलं ऐकू आली.

"नवा डाव," भावजी दारातच म्हणाले. "या वेळी नाटकगृहं तू बांध. खिंडीत मी उभा राहतो."

"तुला जमायचं नाही रे."

"नाही जमलं तर तुझी जळतील. बस."

पहिली खेळी काचवाल्यांची होती. भावजी स्वयंपाकघरात आले, चहाचा कप घेतला, प्यायले नाहीत.

"वहिनी, मी खेळत असायचो तेव्हा तो इथे उभा असायचा. काय बोलायचा?"

इथलं तिथे न्यायचं नाही. पण तो डाव संपला होता.

"म्हणायचे, खिंडीत पुन्हा आले होते."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

आठवत नाही म्हणता आलं असतं. समोर दाराआड माझी देवाची जागा होती.

"म्हणाले, आमच्या भावजींकडून शिका."

भावजींनी कप ओट्यावर ठेवला. मी केक कापायला घेतला, उगाच हाताला काम हवं म्हणून. मोठा तुकडा या वेळी काचवाल्यांच्या बशीत घातला.

"कापश्या!" बाहेरून हाक आली. "ये, तुझी खेळी."

बशी आमच्या दोघांमध्ये ओट्यावर होती. ती बाहेर कुणी न्यायची, ते काही आम्हाला ठरवता येईना.